समास

नोव्हेंबरात लीड्समध्ये चारलाच अंधारतं.
सहाव्या मजल्यावर मी एका पुलाची कमाई काढत बसलेय.
पूल अजून बांधलेला नाही,
नदी मी पाहिलेली नाही,
पण आजपासून तिसाव्या वर्षी, सप्टेंबरात,
तो किती मिळवेल ते मी पै-पैशासकट सांगू शकते.

ट्रक. बस. मोटार. दुचाकी.
एकेका ओळीला एकेक दर,
दराला महागाईची शिडी,
शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेला आकडा:
चौदा पूर्णांक दोन.
त्याच्यासाठी हडर्सफील्डच्या निवृत्त नर्सा,
ब्रॅडफर्डचे बसचालक
आपलं म्हातारपण गुंतवणार आहेत
मलावीतल्या एका उतारावर.
त्यांना ते ठाऊक नाही.
त्यांचं काही चुकतंय असंही नाही.

सरकारकडे पैसा नाही, ही अहवालातली पहिली ओळ.
ती खरी आहे.
मागच्या पुरात होडी उलटली, हे परिशिष्ट सातमध्ये.
तेही खरं आहे.

आज पडताळणीसाठी मूळ मोजणीचे कागद उघडले.
स्कॅन तिरका, कोपऱ्यात कपाचा गोल डाग.
मोजणारा: लिंबानी.
पहाटे पाच ते रात्री नऊ, होडीच्या धक्क्यापाशी.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला
दारामागे खडूने अश्शाच मारायचा.

छापील रकाने चार. नीट भरलेले.
आणि मग डाव्या समासात,
जिथे काही लिहायचं नसतं म्हणून शाळेत छडी बसते,
बारीक अक्षरात: पायी.
पुढे रेघाच रेघा.
समास संपला तसा कागद आडवा करून,
मग मागच्या कोऱ्या बाजूला.
डोक्यावर ओझी घेतलेल्या.
सायकल ढकलणारे.
पाठीला बांधलेलं मूल वेगळं धरायचं का?
(प्रश्नचिन्ह त्याचंच.)
एक खाट, चौघांनी उचललेली:
तिच्यासमोर पाच रेघा.
बेरीज तीन हजार एकशे चौदा.
ही बेरीज त्याला कुणी मागितली नव्हती.

ॲलिस्टर म्हणाला, पायी म्हणजे उत्पन्न शून्य,
ओळ लपवून टाक.
लपवलेली ओळ कुठे जात नाही.
अकरानंतर एकदम तेरा येतात, एवढंच,
आणि ते बघणाऱ्याला दिसतं,
बघितलं तर.

मी बारावी ओळ उघडली.
दोन्ही बाजूंना दीड मीटरची वाट धरली,
लोखंडी कठडा धरला, दर शून्य.
चौदा पूर्णांक दोनचे तेरा पूर्णांक सहा झाले.
"तेरा-सहाला समिती हात लावत नाही,"
तो रागावला नव्हता, बिस्किट मोडत होता,
"मग त्यांनाही लाव ना थोडा दर. अगदी नावाला."

घरी जाताना मी नदी चालत ओलांडते.
जुन्या पुलाच्या खांबावर झिजलेला दगड आहे:
मेंढ्या, विसाला इतके. घोडा, इतका.
पायी माणूस, अर्धा पेनी.
हा अर्धा पेनी कधीतरी कुणीतरी बंद केला.
कुणी, ते दगडावर नाही.
रोज आठ वर्षं मी इथून फुकट जातेय
आणि आज पहिल्यांदा
पाय उचलताना खिशात हात गेला.

खिजगणतीत नसणं.
हा शब्द मी आजवर फक्त दुःखाचा समजत होते.
गणतीत आलं की दरही येतो मागोमाग,
आणि नाही आलं तर
ट्रकच्या चाकाला चिकटून चालायचं, डोक्यावर मक्याचं पोतं.

रात्री दहा. फाईल, आवृत्ती एकोणीस.
बारावी ओळ उघडी आहे.
दराच्या चौकटीत शून्य खोडलं, आकडा घालवेना.
लिंबानीसारखं प्रश्नचिन्ह टाकलं
आणि तक्ता खालपर्यंत बिघडत गेला,
वर्षामागून वर्ष,
थेट त्या सप्टेंबरापर्यंत.
मी तो तसाच जतन केला.